पुरवून

धरण माझ्या खिडकीतून दिसतं.
भिंत, पाणी, मग पलीकडच्या देशाचे डोंगर.
तरी सियावोंगात आज वीज
रात्री दोन ते चार,
आणि तीही आली तर.

पाणी उतरलंय. खडकांवर जुन्या पातळ्यांचे
पांढरे पट्टे, एकाखाली एक,
पातेल्यात आटत गेलेल्या दुधासारखे.
लॅपटॉपच्या कोपऱ्यात: एकेचाळीस टक्के.

बाजारात हामाइम्बोनं तो पालथा घालून उघडला,
अंगठ्यानं बॅटरीचं पोट चाचपलं.
"फुगली नाही अजून. पण वय झालंय हिचं.
गळ्यापर्यंत भरवू नकोस, उपाशीही मारू नकोस.
ऐंशीला ताटावरून उठायचं,
विसाला परत बसायचं.
आणि पत्र्याखाली ठेवू नकोस, बाई,
कामानं झिजत नाही तेवढी ही उन्हानं झिजते."
नवी केवढ्याला, मी विचारलं.
आकडा ऐकला
आणि काढून ठेवलेले स्क्रू मोजत बसले.
दहा होते.

तेव्हापासून लॅपटॉप दिवसभर माठाच्या शेजारी,
गारवा पोचेल इतका जवळ,
ओल पोचणार नाही इतका लांब.
रात्री एकेक करून मिटत जाते:
वाय-फाय. कळांखालचा उजेड.
लुसाकातल्या नोकरीची जाहिरात,
जी तीन आठवडे नुसतीच उघडी होती.
पडद्याचा प्रकाश शेवटच्या पायरीवर,
अक्षरं दिसतात असं म्हणायचं, इतका.

आधी पेन्सिलीनं वहीत उतरवते,
मग लॅपटॉप उघडून भराभर टाइप.
स्याकालिमा आजोबांचा आवाज फोनमध्ये आहे.
पाणी चढलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते,
ट्रकमध्ये मागे बसून
सगळी वाट उलटी पाहिली म्हणतात.
मिठाची माती कुठे मिळायची.
हत्ती नदी कुठे ओलांडायचे.
एक चिंच, जिच्याखाली भांडणं मिटवायची,
आणि दुसरी, जिच्याखाली
कुणी उभंसुद्धा राहायचं नाही.
प्रत्येक जागेला नाव.
डोळे मिटून सांगतात, वाक्याच्या मध्येच थांबतात,
कोंबडी हाकलतात, नाक शिंकरतात,
आणि मला म्हणता येत नाही,
आजोबा, जरा लवकर, अठ्ठावीस टक्के.

लॅपटॉपला ही नावं ठाऊक नाहीत.
प्रत्येकाखाली तो लाल लाट काढतो.
"ती तपासणी बंद कर," हामाइम्बो म्हणाला होता,
"तेवढीच बचत."

सगळं बंद केलं.
तेवढं राहू दिलं.
पाण्याखाली काय काय आहे
ते एका नजरेत दिसतं.

परवा विसावर आले आणि झाकण लावलं.
अंधारात बसून राहिले, बाहेर चंद्र भरत आलेला,
आणि तळ्यावर एकही दिवा नाही.
रोज रात्री कापेंटाचे तराफे तिथे
दिवे सोडून मासळीला भुलवतात.
तेवढ्यात दारात ढकलगाडीचं करकरणं.
चोल्वे. गाडीत तराफ्याची बॅटरी,
भाकरीच्या पाटीसारखी पोत्यात गुंडाळलेली.
"चांदण्यात मासा दिव्याला विचारत नाही," तो म्हणाला,
"आठवडाभर ही रिकामीच.
आमच्या आजोबांचं तेवढं संपव."

आता वायर जोडलेली आहे.
प्रकाश वाढवायला हरकत नव्हती.
बोट कळेवर गेलंही, पण सवय,
पुरवून खाणाऱ्याच्या घरी
लग्नातही पहिला घास लहानच घेतात.
हत्तींच्या उतारापर्यंत आले,
मग दुसऱ्या चिंचेपर्यंत. तिचं नाव
आजोबांनी इतकं हळू घेतलंय
की पाच वेळा मागे जाऊन ऐकलं.

ऐंशी झाले. वायर काढली.
उरलेली चोल्वेच्या दिव्यांना,
चंद्र उतरला की.
नाव लिहिलं.
खाली लाट आली.